आत कोणी राहिलं नाही ना

१२ ऑगस्ट, सोमवार

रक्तदाब चढला की बोलू नका, लिहून काढा, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून ही डायरी. तर लिहितो.

आज शाळा सुटल्यावर सहावीतली दिव्यश्री मागच्या बाथरूममध्ये गेली होती. व्हॅन यायची होती, बाकी मुली पुढच्या अंगणात. तेवढ्यात कोणीतरी काठीने एकेक दार वाजवत आलं. टक टक करायचं, थांबायचं, मग पुढचं दार. तिच्या दाराशी येऊन पुरुषी आवाजात कानडीत म्हणाला, "यारम्मा ओळगे?" म्हणजे, आत कोण आहे गं बाळ? पोरगी किंचाळली. माणसं धावेपर्यंत तो पसार झाला होता. दाराच्या फटीतून तिला फक्त काठी आणि काळी टोपी दिसली. मागच्या बोळात उघडणाऱ्या फाटकाचं कुलूप जागच्या जागी, ओरखडासुद्धा नाही! मग आला कुठून हा हरामखोर? आभाळातून?

वाणी मॅडमनी मला बोलावलं. त्या मुख्याध्यापिका, येऊन वर्षच झालंय. मी शाळा चालवणाऱ्या मंडळाचा मानद सचिव. दिव्यश्रीचे वडील पवनकुमार, मल्लेश्वरममध्ये त्यांचं कापडाचं दुकान आहे, एरवी मऊ बोलणारा माणूस, आज त्याचा आवाज चढला होता. म्हणाला, "सर, हा सापडला नाही तर मी मुलीला काढून घेणार. बाकीचे पालकही हेच म्हणतात." मुलं आधीच कमी. एवढी गेली तर मार्चमध्ये शाळेला कुलूप लागेल. आमच्या आजोबांच्या पिढीने दारोदार फिरून उभी केलेली शाळा आहे ही. मी सगळ्यांसमोर शब्द दिला, "मी त्याला पकडतो." पीण्या भागातल्या कारखान्यात आख्खी नोकरी सेफ्टीत गेली माझी. यंत्राने कोणाचं बोट खाल्लं तर कारण शोधूनच मी जेवायचो.

घरी आलो तर दारातच अण्णा, माझे थोरले भाऊ. "हयू, सुचेता आली का?" रोज संध्याकाळी हेच. सुचेता माझी मुलगी, चाळिशीची आहे, मैसूरला संसार आहे तिचा. आधीच डोकं तापलेलं, मी ओरडलो, "अण्णा, ती मैसूरला आहे! किती वेळा सांगू?" ते "सरी, सरी", बरं बरं, म्हणत मागच्या व्हरांड्यात जाऊन बसले.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

मनस्विनी नावाची मुलगी आली होती. पुण्याची आहे, इंदिरानगरमध्ये आर्किटेक्ट, मंडळातल्या एकांची भाची. फी घेणार नाही म्हणाली. मी तिला कंपाउंडची भिंत कुठवर चढवायची आणि वर काचा कुठे रोवायच्या ते दाखवायला गेलो तर बाईसाहेब म्हणतात, "काका, भिंत वाढवून उलट रिस्क वाढते. आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसतच नाही मग."

"मग काय भिंत पाडू?"

"नाही हो! नजर वाढवायची. येता-जाता चार माणसं बघतात ना, तिथे वाकडं वागायला कोणी धजत नाही."

मग तिने मला माझीच शाळा फिरवून दाखवली. बाथरूमच्या पुढून थेट बोळापर्यंत मेंदीचं कुंपण डोक्याच्या वर वाढलेलं, त्याच्या बुडाशी रान. बल्ब गेलेला. पुढचं फाटक एक, मागचं एक, आणि मागच्याकडे कोणाचं लक्ष नाही. ऑफिसची खिडकी कपाटाने झाकलेली. खरं सांगतो, लाज वाटली. कारखान्यात असतो तर मेमो दिला असता.

जाताना म्हणाली, "काका, तोडफोड करण्याआधी जुन्या कोणाला तरी विचारू या ना. हे मागचं गेट कोण वापरायचं, कशासाठी. तुमचे भाऊ इथे टीचर होते म्हणे?"

मी म्हटलं, त्यांना गुडघेदुखी आहे, ते कोणाला भेटत नाहीत.

सगळ्यांना हेच सांगतो. श्रीधरअण्णा या शाळेचे ड्रिल मास्तर होते. त्यांची शिटी वाजली की रस्त्यावरचे ऑटोसुद्धा थांबतात, असं लोक थट्टेने म्हणायचे. दोन वर्षांपासून त्यांची आठवण सुटत चाललीय. 'मास्तर भ्रमिष्ट झाले' असं कोणी म्हटलेलं मला खपायचं नाही. म्हणून शाळेच्या कार्यक्रमांना नेत नाही, मंडळात नेत नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी उंबऱ्याच्या आतच ठेवायची पद्धत आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार

आज श्रावणी. अण्णांना नवं जानवं घातलं. मंत्र एकही विसरले नाहीत, सकाळी काय खाल्लं ते मात्र विचारू नका. जुन्या जानव्याला त्यांची ती किल्ली अडकवलेली असते. जुनं काढायच्या आधी त्यांनी किल्ली सोडवून नव्याला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. विचारलं, "कशाची हो ही? ट्रंकेची?" तर म्हणाले, "ड्यूटीची." हसू आलं मला. रोज दुपारी शर्ट, स्वेटर, माकडटोपी चढवून फिरायला निघतात, तेव्हाही असंच म्हणतात. ड्यूटीला जाऊन येतो.

दुपारी नीरजा अंघोळीला गेली तर हे काठी घेऊन दाराशी. टक टक. "आत कोणी राहिलं नाही ना?" रोजची कटकट. ती आतून हसत म्हणते, "मी आहे हो अण्णा, आलेच!" माझी बायको आहे म्हणून सहन करते. मला तर अंघोळ उरकून बाहेर यावं लागतं, नाहीतर हलत नाहीत.

२२ ऑगस्ट, गुरुवार

मागच्या फाटकाला नवं कुलूप घातलं. जुन्याच्या किल्ल्या किती आणि कोणाकडे याचा शाळेत कोणालाच पत्ता नव्हता. नवीची एकच, ती माझ्याकडे. बल्ब लावले, कपाट हलवलं. आता पाहू कसा येतो ते.

अण्णा आज लवकर परत आले. तळहात लाल झालेला. "उघडत नाही रे," म्हणाले. "काय उघडत नाही?" "उघडत नाही. आत कोणी असलं तर?" मला वाटलं, गोळ्यांची डबी. उघडून दिली. त्यांनी ती नुसती हातात धरली. रात्री जेवले नाहीत.

३० ऑगस्ट, शुक्रवार

अण्णांची आजची कमाई! स्वेटरभर आणि पँटभर आघाडा चिकटवून आले. मी म्हटलं, "अण्णा, गणपतीला वेळ आहे अजून, पत्री आत्तापासून गोळा करताय?" तेही हसले. नीरजा जमिनीवर बसून एकेक कुसळ काढत होती. ती हसली नाही.

म्हणाली, "अहो, एकदा मागोमाग जाऊन बघा तरी, जातात कुठे ते."

"पार्कात. आणखी कुठे जाणार?"

"पार्कात एवढं रान कुठे आहे? आणि त्या शाळेतला माणूसही काठीने दारं..."

"शाळेचं नाव काढू नकोस घरात!" मी ओरडलोच. दिवसभर पालकांचे फोन, आणि घरी आल्यावर हिचं सुरू. ती कुसळं काढत राहिली. माझा आवाज चढला की ती गप्पच होते, हे तिचं बरं आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा आला! कुलूप शाबूत आणि हा पुन्हा आत. दोन मुलींनी त्याला कुंपणातून बाहेर पडताना पाठमोरा पाहिला. एक म्हणते उंच होता, दुसरी म्हणते वाकलेला होता. दारं वाजवून गेला, कशाला हात लावला नाही. वाणी मॅडम म्हणाल्या, एक विचित्रच आहे, बाथरूममधला गळका नळ कोणीतरी घट्ट बंद केलाय. मी म्हटलं, मॅडम, पाळत ठेवणारे लोक असेच असतात, आधी सवय लावतात.

दिव्यश्री आता शाळेत दिवसभर पाणी पीत नाही म्हणे, बाथरूमला जावं लागेल म्हणून. हे सांगताना पवनकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून माझं काळीज तुटलं, आणि जो राग आला तो आजवर कधी आला नव्हता. मुलींचे वडील आळीपाळीने संध्याकाळी थांबणार आहेत. मी त्यांना सांगितलं, "कुंपण तोडतोय. मग लपायला जागा राहणार नाही. दिसला की धरा. नाव विचारा. नाव सांगितलं नाही तर सोडू नका."

मनस्विनीला हे आवडलं नाही. "काका, पकडणं हे आपलं काम नाही ना," म्हणाली. पोर आहे अजून.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपती झाले आणि कुंपण गेलं. काय मोकळं वाटतंय! ऑफिसच्या खिडकीतून बाथरूमची सगळी दारं दिसतात. पुढे न्यायला येणाऱ्या आयांसाठी बाक टाकलाय. बाथरूमच्या अलीकडे जमिनीवर पिवळी रेघ मारली, तिच्या पलीकडे कोणीही पुरुष जाणार नाही, मी सचिव असलो तरी नाही. आज दिव्यश्री मैत्रिणीचा हात धरून रेघ ओलांडून गेली आणि परत आली. आम्ही सगळे खिडकीतून पाहत होतो. वाणी मॅडमनी टाळी वाजवली.

कुंपणाच्या बुडाशी बोळातून आत येणारी एक वाट निघाली. माती चेपून गुळगुळीत झालेली. इतके दिवस आमच्या नाकासमोर!

अण्णांना ताप आहे, बाहेर गेले नाहीत. बरंच झालं, एक काळजी कमी.

११ सप्टेंबर, बुधवार

पकडला.

क्रमाने लिहितो. मी ऑफिसच्या खिडकीत होतो. बोळाच्या बाजूने, कुंपण होतं तिथून एक माणूस आत आला. लपतछपत नाही, सरळ, आपल्या घरात यावं तसा. मोकळ्या जागेत येऊन थांबला, इकडेतिकडे पाहायला लागला. जागा ओळखू येत नसावी. मग रेघ ओलांडून पहिल्या दाराशी गेला आणि काठी उचलली. चार-पाच जण धावले. मला चष्म्यातून लांबचं नीट दिसत नाही. मी खिडकीतून ओरडलो, "सोडू नका! सोडू नका त्याला!"

माझाच आवाज तो. सगळ्या शाळेने ऐकला.

मी तिथे पोहोचेपर्यंत ते खाली पडलेले होते. त्यांना कोणीतरी नाव विचारत होतं, ते नुसते दाराकडे बोट दाखवत होते, म्हणून पुन्हा मारलं. नीरजाने विणलेला मरून स्वेटर. शर्ट फाटलेला, जानवं बाहेर आलेलं आणि त्याला ती किल्ली. पवनकुमारने मला विचारलं, "सर, कोण हा? ओळखता?"

मी बोललो नाही.  दातखीळ बसली असं म्हणायला मी तयार आहे, पण डायरीत कशाला खोटं लिहू? आता सगळ्यांना कळणार, हे माझ्या मनात आधी आलं.

अण्णांनीच मला पाहिलं. जमिनीवरून म्हणाले, "हयू, बरं झालं आलास. ते शेवटचं दार बघ रे. आत कोणी राहिलं नाही ना?"

१३ सप्टेंबर, शुक्रवार

खुब्याचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन. पवनकुमार हॉस्पिटलच्या बाकावर सकाळपासून बसला होता. मला पाहून उठला, हात जोडले. "नमगे गोत्तिरलिल्ल, सर. आम्हाला माहीत नव्हतं." मी म्हटलं, तुम्हाला कसं असणार? मी कोणाला कळू दिलं नव्हतं. तो लहान मुलासारखा रडला. मला रडूही येईना.

वाणी मॅडमनी विचारलं, पोलिसांत तक्रार द्यायची का. कोणाविरुद्ध देऊ?

मनस्विनी संध्याकाळी येऊन गेली. 'मी म्हटलं होतं ना' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नीरजाने आज सांगितलं. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये कॉफी निवत होती आणि ती बोलत होती.

सुचेता दुसरीत होती. दसऱ्याची सुट्टी लागायच्या दिवशी शाळा सुटली, आणि ती बाथरूमची कडी अडकून आत राहिली. जुनी पत्र्याची दारं. फाटकं लागली, सगळे गेले. घरी आली नाही म्हणून नीरजाने अण्णांना सांगितलं. अण्णा दिवेलागणीला शाळेत गेले, दार मोडून तिला काढलं. ओरडून ओरडून तिचा आवाज गेला होता. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत शेवटची घंटा झाली की अण्णा काठीने प्रत्येक दार वाजवायचे, बाहेरूनच विचारायचे, आणि मग मागचं फाटक लावून त्या बोळाने घरी यायचे.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही सेकंड शिफ्टला होता. आणि तुमचा राग. अण्णाच म्हणाले, हयूला सांगू नका, तो शाळा डोक्यावर घेईल, शिपायाची नोकरी घालवेल."

"आणि आत्ता? आघाडा काढत होतीस तेव्हा?"

ती कपाकडे पाहत म्हणाली, "सांगत होते की."

हो. सांगत होती.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

अण्णांना घरी आणलं. खाट बाथरूमच्या भिंतीला लागून टाकली, सोयीचं म्हणून. आता दारावर कोणी थाप मारली की ते दोन्ही हातांनी डोकं झाकतात. दूधवाल्याला सांगितलंय, बेल वाजव, दार वाजवू नकोस. काठी कोपऱ्यात आहे, तिच्याकडे ते पाहत नाहीत.

सुचेता आली का, हे मात्र रोज विचारतात. आता मी ओरडत नाही. "आली अण्णा," म्हणतो. पटत नाही त्यांना. "कुठे आहे? दाखव," म्हणतात.

मंडळाला राजीनामा दिला, त्यांनी घेतला नाही. मुलं कोणी काढली नाहीत. शाळा वाचली म्हणून सगळे माझं कौतुक करतात. मी घरी येऊन अण्णांचे पाय चेपतो.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मुलांना दसऱ्याची सुट्टी लागली म्हणून सुचेता मैसूरहून आली. अण्णांच्या उशाशी बसली. थोरल्या काकांना ती दोड्डप्पाच म्हणते. "दोड्डप्पा, मी सुचेता." त्यांनी तिच्या कानावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, "बसा हं. मास्तर येतील आता." मग माझ्याकडे वळून, "हयू, सुचेता आली का?"

पोरीचा चेहरा उतरला.  मग उठली, कोपऱ्यातली काठी आणून माझ्या हातात दिली. "अप्पा, ही त्यांच्या हातात द्या."

"नको गं, घाबरतात ते."

"द्या तुम्ही."

ती बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. मी काठी अण्णांच्या हातात ठेवली. त्यांनी ती झटकून टाकली. मी पुन्हा दिली, आणि माझा हात त्यांच्या हातावर तसाच ठेवला. त्यांचा हात केवढा हलका झालाय! दोघांनी मिळून खाटेलगतची भिंत वाजवली. टक टक. ते दचकले, माझा हात घट्ट धरला, पण काठी सोडली नाही.

"विचारा, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीकडे मान वळवली. मग अगदी बारीक आवाजात, "यारम्मा ओळगे?"

"दोड्डप्पा, मी आहे!" आतून सुचेता ओरडली. "मी सुचेता! मी आत राहिलेय!"

अण्णा उठायला बघायला लागले, मोडक्या खुब्याने. "आलो, आलो, रडू नकोस. हयू, दार! दार उघड!" मी धावत गेलो आणि दार ढकललं. तिने आतून कडी काढली होती. ती बाहेर आली, रडत होती, नाटक नव्हतं ते. जाऊन त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "झालं, झालं. चल, घरी जाऊ. अप्पाला नाही सांगायचं हं, ओरडेल तो."

मी दारातच उभा होतो.

६ ऑक्टोबर, रविवार

सुचेता आज सकाळी गेली. काल संध्याकाळी अण्णा शांत होते, पोटभर जेवले, नीरजाला म्हणाले, भात छान झालाय. बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

आज संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांच्या प्रश्नाची वेळ झाली. दिवा लागला, नीरजाने देवाजवळ निरांजन लावलं, तरी ते काही बोलले नाहीत. छताकडे पाहत होते. मी उत्तर तयार ठेवलं होतं. इतके दिवस ओरडून दिलेलं उत्तर आज नीट द्यायचं होतं मला.

शेवटी मीच विचारलं, "अण्णा, सुचेता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण?" म्हणाले.

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. म्हटलं, "कोणी नाही अण्णा. सगळ्या मुली घरी गेल्या."